रोल संपला, आता पुढे? हौशी फोटोग्राफी आणि डिजिटलची सुरुवात

कपाटात वडिलांचा याशिका किंवा निकॉन एफएम१० पडून आहे, हातात बरा मोबाइल आहे आणि आता एक खरा कॅमेरा घ्यावा असं वाटायला लागलंय, अशांसाठी हे लिहिलंय. रोल कधीच न भरलेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

रोलमध्ये ३६ फोटो मिळायचे. रोल, धुलाई आणि पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट यांचा खर्च डोळ्यांसमोर असायचा, त्यामुळे बटण दाबायच्या आधीच निवड व्हायची. डिजिटलमध्ये ही निवड फोटो काढून झाल्यावर करायची असते, आणि घोडं तिथेच पेंड खातं. आधी निवडायची सवय सुटते, नंतर निवडायची लागत नाही, आणि कार्डावर हजारो फोटो साठतात जे कुणी पुन्हा उघडत नाही. म्हणून खाली कॅमेऱ्याइतकंच या निवडीबद्दलही आहे.

आधी फोन उघडा

दुकानात जायच्या आधी फोनमधले गेल्या वर्षभराचे फोटो चाळा. गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड, सिलिंडरची पावती, पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली त्याची आठवण, हे सगळं बाजूला काढा. उरेल त्यात तुमची आवड दिसते. कुणाच्या फोनमध्ये सगळी मुलंच असतात, तीही घरातल्या ट्यूबलाइटखाली. कुणाकडे गड, कडे आणि ढग. कुणी गॅलरीत येणाऱ्या बुलबुलाचा फोटो पुन्हापुन्हा काढलेला असतो आणि दर वेळी तो ठिपक्याएवढाच आलेला असतो.

खरेदी यावरून ठरवा, जाहिरातीवरून नको. घरातल्या मुलांसाठी कमी उजेडात काम करणारी एफ/१.८ ची लेन्स हवी (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, साधी चालते. ट्रेकवाल्यांनी सगळ्यात आधी वजन बघावं. सिंहगडाच्या निम्म्या वाटेवर पाठीवरून न उतरलेला कॅमेरा काय कामाचा? वारी, बाजार, जत्रा आवडत असेल तर लहान, लोक बिचकणार नाहीत असा कॅमेरा घ्या. पक्ष्यांची हौस खिशाला सगळ्यात जड. भिगवणचे फ्लेमिंगो बघून आल्या आल्या मोठी लेन्स बुक करू नका. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, एक रविवार भाड्याची लेन्स खांद्यावर वागवून बघा आणि मग ठरवा.

आणि यादीत फक्त मित्रांबरोबरचे सेल्फी आणि हॉटेलातली जेवणाची ताटंच निघाली, तर स्पष्ट सांगायचं म्हणजे फोन पुरेसा आहे. पैसे वाचले.

नवा मिररलेस की जुना डीएसएलआर

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, तुम्ही थेट लेन्समधून बघता. मिररलेसमध्ये आरसा नाही, व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा स्क्रीन असतो आणि फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. नवशिक्याला हे दुसरं फार उपयोगी पडतं: एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, चुकत असेल तर बटण दाबण्याआधीच कळतं. निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर आहे. याचा आपल्याला फायदा असा, की चांगले डीएसएलआर सेकंडहँडमध्ये स्वस्त झालेत. बजेट कमी असेल तर जुना डीएसएलआर आणि एक चांगली लेन्स ही जोडी आजही कुठेच कमी पडत नाही.

मेगापिक्सेलची काळजी सोडा. पोस्टकार्ड साइजच्या, म्हणजे ४ x ६ इंचाच्या, उत्तम प्रिंटला १२०० x १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. १२ x १८ इंचाच्या मोठ्या प्रिंटलाही २० पुरतात. दहा वर्षांपूर्वीची २४ मेगापिक्सेलची बॉडी त्याहून पुढे आहे.

सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या भागाचा, आकार मात्र समजून घ्या, कारण रोलवाल्यांचा हिशोब इथे बदलतो. फुल फ्रेम सेन्सर ३५ मिमीच्या फिल्मएवढा, ३६ x २४ मिमी. एपीएस-सी त्याहून लहान असतो, त्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात. तुमची जुनी ५० मिमी लेन्स एपीएस-सी निकॉनवर ७५ मिमीसारखी वागते आणि कॅननवर ८० सारखी. घरातल्या खोलीत मग भिंतीला पाठ टेकवूनही अख्खी पंगत मावत नाही. एपीएस-सीवर जुन्या ५० चा अनुभव हवा असेल तर ३५ मिमी घ्या.

जुन्या लेन्स वापरता येतील का, हा प्रश्न हटकून येतो. याशिका एमएफ-२ सारख्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही, तो विषय संपला. पेंटॅक्स के१००० असेल तर त्याच्या लेन्स आजच्या पेंटॅक्स डीएसएलआरवरही बसतात. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडायची खाच) १९५९ पासून आहे, म्हणून लेन्स बसेल, पण डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी एएफ-डी लेन्स (ऑटोफोकसची, पण स्वतःची मोटर नसलेली) हाताने फोकस करावी लागते आणि पूर्ण मॅन्युअल लेन्स लावली तर उजेड मोजणारं मीटरही चालत नाही. १९७७ च्या आधीची निकॉन लेन्स जाणकाराला दाखवल्याशिवाय कुठल्याही बॉडीवर चढवू नका, काही बॉडींना इजा होते. कॅननने १९८७ मध्ये माउंटच बदलला, त्यामुळे त्याआधीच्या एफडी लेन्स डीएसएलआरवर नीट बसत नाहीत. मिररलेसवर मात्र साध्या अॅडॉप्टरने छान चालतात.

सेकंडहँड घ्यायला मुंबईत फोर्टातला बोरा बाजार जुना आणि माहितीतला. ऑनलाइन जाहिरातीवरून घेतलात तर प्रत्यक्ष भेटून, दिवसाउजेडी घ्या. सोबत स्वतःचं कार्ड न्या. लेन्स काढून, तिचं ऍपर्चर (उजेड आत यायचं भोक) पूर्ण उघडं ठेवून, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. चार धुळीचे कण दिसले तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी, सौदा तिथेच थांबवा. मग एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करा. काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, पण भाव कमी करायला कारण मिळतं. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत तो आकडा, विचारा. सुरुवातीच्या गटातल्या बऱ्याच बॉडींचं शटर लाखभर क्लिक धरून बनवलेलं असतं, त्यामुळे वीस-तीस हजार झालेली बॉडी अजून तरुण आहे. बॅटरी फुगलेली आहे का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, फ्लॅश लावायची पट्टी झिजलीये का ते बघा. ती पट्टी घासून चकचकीत झाली असेल तर कॅमेऱ्याने बरीच लग्नं केलेली आहेत. शेवटी बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीशी ताडून घ्या.

नवा घेताना दुकानदार कॉम्बो पुढे करेल: बॅग, हलणारा ट्रायपॉड, तीन फिल्टर, पुसायचं किट. त्याऐवजी एक जादा कार्ड आणि एक जादा बॅटरी घ्या, हे सगळं परत करा. भाव फारच कमी सांगितला तर भारतातली वॉरंटी आहे का, हे बिलावर लिहून मागा.

पहिल्या संध्याकाळी करायची सेटिंग

व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक असतं, त्याला डायऑप्टर म्हणतात. आतली अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. चष्मेवाल्यांनी तर आधी हेच करावं. कॅमेरा फोकस करत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांचं काम या चाकानेच होतं. तारीख-वेळ बरोबर लावा, पुढे फोटो शोधताना तीच कामी येते. कलर स्पेस एसआरजीबी ठेवा, म्हणजे लॅबमधल्या प्रिंटचे रंग फसणार नाहीत.

फोटो रॉ आणि जेपेग दोन्हींत साठवा. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने करून दिलेली प्रिंट. रॉ म्हणजे निगेटिव्ह. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा नंतर उजळायचा झाला तर हा फरक दिसतो. आज रॉ उघडता येत नसली तरी काढून ठेवा.

मोड ऍपर्चर प्रायॉरिटी, डायलवर ए किंवा एव्ही. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. पूर्ण मॅन्युअलवरच शिकलं पाहिजे असा एक दंडक ऐकायला मिळतो, त्याकडे सध्या दुर्लक्ष करा. ऍपर्चर तुम्ही ठरवा, बाकी कॅमेऱ्याला करू द्या आणि त्याने काय केलं ते दर वेळी वाचा.

सराव असा. सकाळी खिडकीजवळच्या स्टुलावर स्टीलचा तांब्या ठेवा, त्याच्या मागे हातभर अंतरावर एखादी कुंडी. एफ/१.८ किंवा जे सगळ्यात मोठं ऍपर्चर मिळेल ते लावून फोटो काढा, मग एफ/४, एफ/८, एफ/१६. कुंडी विरघळलेली ते पानं मोजता येतील इतकी स्पष्ट, असा प्रवास दिसेल. सोबत शटरचा वेग (उजेड आत सोडणारा पडदा किती झटकन मिटतो तो) कसा कमी होतो तेही बघा. आता स्टूल तिथेच ठेवून तुम्ही फिरा: खिडकी पाठीशी, मग बाजूला, मग समोर. बाजूने येणाऱ्या उजेडात तांब्याचा गोलवा आणि त्यावरचे पोचे दिसतात, तुमच्या पाठीमागून येणाऱ्या उजेडात तो नुसता सपाट वाटतो. त्यातून उजेडाची दिशा जितकी कळते तितकी दहा व्हिडिओ बघून कळत नाही.

हात हलून फोटो पुसट येत असेल तर जुना ठोकताळा वापरा: ५० मिमीला शटर १/५० पेक्षा हळू नको, २०० मिमीला १/२०० पेक्षा नको. एपीएस-सी असेल तर त्याहून थोडं जलदच धरा. धावणाऱ्या पोरांना मात्र १/२५० च्या खाली पकडायला जाऊ नका.

रोलची एक सवय मोडावी लागते

रोलवरचं जवळपास सगळं ज्ञान डिजिटलला चालतं. लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर एक भागिले आयएसओ, हा नियम तसाच आहे. एएसए चा आयएसओ झाला, एवढंच. पण एक गोष्ट उलटी आहे.

कलर निगेटिव्हला जास्त उजेड चालायचा. एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जादा गेला तरी लॅबवाला प्रिंट करताना सांभाळून घ्यायचा, म्हणून मुरलेले लोक मुद्दाम थोडं जास्तच एक्स्पोजर द्यायचे. कमी पडलं तर मात्र सावल्या मातकट व्हायच्या. डिजिटल सेन्सरचं तसं नाही. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल ठराविक उजेड साठवतो, भरला की भरला. त्यापुढे नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात काही दडलेलं नसतं. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत येत नाही. सावलीतला तपशील मात्र रॉमधून बराच वर काढता येतो. म्हणजे निगेटिव्हवर सावली सांभाळायची, डिजिटलवर पांढरं सांभाळायचं. स्लाइड फिल्म वापरलेल्यांना हे नवं नाही.

दुपारच्या उन्हातला वारकरी डोळ्यांसमोर आणा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, रापलेला चेहरा. कॅमेऱ्याने चेहऱ्यावरून मोजलं की चेहरा छान येतो, पण टोपीच्या घड्या आणि सदऱ्याची चुणी जाऊन कोरा कागद उरतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) उणे ०.७ किंवा उणे १ करा, टोपीवर घड्या दिसतील इथवर आणा आणि चेहरा घरी रॉमधून उजळा. हे तपासायला हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, आहे: आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला की पांढरं गेलं. मेन्यूत हायलाइट वॉर्निंग चालू केलीत तर जळालेली जागा स्क्रीनवर लुकलुकते, तीही चालू ठेवा. स्क्रीनवर फोटो नुसता बघून उन्हात काहीच कळत नाही, सगळंच अंधारलेलं वाटतं.

व्हाइट बॅलन्स (फोटोची पिवळी-निळी झाक ठरवणारं सेटिंग) बहुतेक वेळा ऑटोवर ठीक असतो. अपवाद समईचा. ऑटो मोड त्या पिवळ्या उजेडातला सोनेरीपणा बराचसा पुसून टाकतो, आरतीचा फोटो दवाखान्यात काढल्यासारखा दिसतो. तेव्हा डेलाइट लावा. आणि गणपतीच्या मंडपात एलईडीच्या माळांखाली फोटोवर काळे-करडे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, सायलेंट शटर बंद करा, पट्टे जातात.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. १०० च्या रोलवर तिथे हाती फार काही लागत नसे. आज आयएसओ ३२०० वर, कोपर छातीला टेकवून, पद्मपाणीचा चेहरा हातातल्या कॅमेऱ्याने येतो. डिजिटलने काय दिलं हे मला विचाराल तर मी आधी हेच सांगेन.

घरी आल्यावर

खर्च वाचला असं वाटतं ते इथे वसूल होतं, वेळेच्या रूपात. त्याच रात्री कार्ड कॉम्प्युटरवर उतरवा. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस आणि पुढे एक शब्द, जसं २०२५-०९-०६ विसर्जन. असं केलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. कार्डावरचे फोटो एकेक करून पुसत बसू नका. दोन ठिकाणी प्रत झाली याची खात्री झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

प्रत म्हणजे तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. निगेटिव्ह ट्रंकेत चाळीस वर्षं पडून राहते आणि तरी छापता येते. हार्ड डिस्क एका सकाळी न बोलता जाते.

आता निवड. पहिल्या फेरीत फक्त हललेले, डोळे मिटलेले आणि पांढरे पडलेले फोटो काढा. दुसरी फेरी दोन-तीन दिवसांनी करा, तोवर त्या दिवसाचा उत्साह ओसरलेला असतो आणि फोटो फोटोसारखा दिसतो. सारख्या दिसणाऱ्या आठांतून एकच ठेवायचा. एका कार्यक्रमातून एका रोलपेक्षा जास्त, म्हणजे छत्तीसच्या वर, कुणाला दाखवायचे नाहीत. हा मी पाळत आलेला नियम आहे, आणि नातेवाईक त्याबद्दल मनापासून आभार मानतात.

रॉ उजळायला डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि चांगली आहेत. डार्कटेबल पहिल्या दिवशी घाबरवतं. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप, एवढंच शिका; महिनाभर बाकीच्या बटणांना हात नको.

प्रिंट काढा. कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ असते आणि पोस्टकार्डही त्याच प्रमाणात, त्यामुळे फोटो पूर्ण बसतो. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, लॅब तो कापते आणि ग्रुप फोटोत मागे उभ्या राहिलेल्या काकांचं कपाळ जातं. मोबाइलचे फोटो द्यायचे असतील तर आधी स्वतः क्रॉप करून द्या.

पावसाळ्यातली बुरशी

मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर लेन्सला खरा धोका बुरशीचा. कातडी केसमध्ये, कपड्यांच्या कपाटात ठेवलेला कॅमेरा हमखास बुरशी धरतो, कारण कातडं दमट राहतं. महागडं ड्राय कॅबिनेट घ्यायची गरज नाही. डाळीसाठी मिळतो तसा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, त्यात निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ओलावा भरला, कढईत मंद गरम करून पुन्हा निळं करून घ्या. ती कढई मात्र स्वयंपाकाची नको. एसीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेत बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा, लेन्सवर बाष्प धरणार नाही. सेन्सरवर तोंडाने फुंकू नका, रबरी ब्लोअर वापरा.

ट्रंकेतल्या निगेटिव्ह

जुन्या निगेटिव्हचे डिजिटल फोटो करायचं काम नव्या कॅमेऱ्याने घरच्या घरी होतं. खाली एलईडीची ट्रेसिंग पॅड, तिच्यापासून दोन बोटं उंचीवर सपाट धरलेली निगेटिव्ह, वर ट्रायपॉडला उलटा लावलेला कॅमेरा आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारी, लेन्स. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, रॉ. खोलीतले बाकीचे दिवे बंद. निगेटिव्ह कडांनी धरा आणि ब्लोअरने झटका. डार्कटेबलमध्ये नेगाडॉक्टर नावाचं मॉड्युल आहे, ते नारिंगी छटा काढून निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करतं. सगळी ट्रंक उपसायला बसलात तर कंटाळून सोडाल. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवा, कोण कुठला ते विचारा, ज्यांची नावं सांगता येतात त्या पट्ट्या आधी घ्या आणि नावं फोल्डरमध्येच लिहा.

पुढची लेन्स

सहाएक महिन्यांनी तुमच्या निवडलेल्या फोटोंची माहिती उघडा. प्रत्येक फोटोत लेन्सची मिमीतली लांबी, ऍपर्चर आणि आयएसओ नोंदलेले असतात. किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी) बहुतेक फोटो ५५ च्या टोकाला असतील तर टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, घ्या. सगळे १८ ला चिकटले असतील तर वाइड, म्हणजे जास्त दृश्य मावणारी. आयएसओ सतत कमाल मर्यादेला टेकलेला दिसला तर एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. आणि आकडे असे सगळीकडे पसरलेले असतील, तर सध्या काहीच घेऊ नका. त्या पैशांत हंपीचं तिकीट येतं.